पिंपळडोहावरची कराची

सव्वीस जानेवारी एकोणीसशे बहात्तर या दिवशी आमच्या पिंपळडोह गावात पाकिस्तान जिंकता जिंकता राहिलं. हे कुठे छापून आलं नाही, आणि आलं असतं तरी आमच्या लोकांनी तो अंक बेलापूरच्या स्टँडवरच गाठून फाडला असता. पण मी तिथे होते. नुसती होते असं नाही, त्या लढाईचा आराखडाच माझा होता. तो आराखडा निर्दोष होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

मी दमयंती, गावच्या प्राथमिक शाळेतली मास्तरीण. गाव मला नुसतं 'बाई' म्हणायचं. शाळेत आम्ही दोघंच होतो, मी आणि हेडमास्तर सुमंत गुरुजी. कामं माझ्याकडे आणि भाषणं त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती. ती कुणी केली ते मला अजून कळलेलं नाही.

त्याआधीच्या डिसेंबरात लढाई झाली. आपल्या आरमाराच्या लहान लहान बोटींनी रातोरात जाऊन कराचीवर अचानक हल्ला केला, शत्रूची जहाजं बुडवली, बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ही बातमी ऐकली आणि प्रवरेच्या काठी ऊस लावून बसलेल्या आमच्या गावाला समुद्राचं एकदम प्रेम आलं. समुद्र पाहिलेला माणूस गावात एकच, राहीबाईचा कानिफनाथ. तो आरमारात इंजिनखात्यात होता, आणि तेव्हा समुद्रावरच होता.

राहीबाई म्हणजे गुऱ्हाळवाली राहीबाई. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, गुऱ्हाळ बंद करा. हिने उलट नवी काहील आणली. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. चार-पाच माणसं आरामात मांडी घालून बसतील एवढी मोठी. आमच्याकडे नदीला पूर आला की पलीकडच्या वस्तीवर जायला तीच होडी. पंचक्रोशीत राहीबाईच्या काहिलीएवढी काहील नव्हती, आणि त्या काहिलीवरच तिचं घर चाललं होतं.

लढाई सुरू होती तेव्हा ही बाई गुऱ्हाळ गुळव्याच्या भरवशावर टाकून रेडिओपुढे बसायची. आपलंही एक जहाज बुडाल्याची बातमी आली त्या दिवशी तर ती उठलीच नाही. पुढे कानिफचं कार्ड आलं, 'खुशाल आहे, रजा मिळाली की येतो.' ते मीच तिला वाचून दाखवलं. तिने ते परत परत वाचायला लावलं, मग पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बाई, आता मला दुसरी बातमी नगं. रेडू बंद करा." रेडिओ बंद करणं माझ्या हातात नव्हतं, पण तिच्यासमोर मी लढाईचा विषय काढायचं सोडलं.

विषय काढला तो गोरक्षने. तालमीतला गडी, छाती पुढे काढून चालणारा, डोकं मागून येणारा. तो म्हणाला, "बाई, अवंदा प्रभातफेरी न् लेझीम बास झालं. डोहात कराची करू."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, भारीच पटलं. मी रात्रंदिवस खपून आराखडा केला. आपल्या बोटी म्हणजे शेजारच्या गुऱ्हाळांच्या जुन्या, ठिगळं मारलेल्या लहान काहिली. क्षेपणास्त्रं म्हणजे दिवाळीतले उरलेले बाण. पलीकडच्या काठावर उसाच्या पाचटाचे ढीग आणि डांबराची रिकामी पिंपं मांडून कराची बंदर. आणि मधोमध शत्रूची मोठी विनाशिका, म्हणजे राहीबाईची काहील.

काहील मागायला मी एकटी गेले. राहीबाई काहिलीखालच्या चुलवणासमोर उभी होती. सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, "बुडवनार का?"

"बुडवायची नाही," मी म्हटलं. "वर बांबूगोणपाटाचा सांगाडा करू. बाण लागले की तो पाडायचा. आत बसलेल्याने पाण्यात उडी मारायची. लोकांना कळतं, जहाज गेलं. काहील आहे तशी परत."

"ऊस तोडून पडलाय माझा. सांजच्याला चुलवन पेटलं पायजे, न्हाई तर रस आंबंल."

"माझा शब्द."

"शब्द ऱ्हाऊ द्या. काहिलीला दोर बांधायचा आन् दोर माझ्या हातात ऱ्हाईल." मग आगीकडे बघत ती म्हणाली, "आन् लोखंड पान्याखाली गेलेलं मला बघायचं न्हाई, बाई. खेळात बी न्हाई." मी मान डोलावली. तिला गुळाची काळजी होती असं मी गावाला सांगितलं, पण मला खरं कारण कळलं होतं.

मग देवळात बैठक झाली. इथे माझ्या आराखड्यात गाव शिरलं.

आमचे सहादेव पाटील म्हणजे आबा. पाटीलकी सरकारने केव्हाच काढून घेतली होती, पण ती गेल्याचं गावाने मनावर घेतलं नव्हतं. पोळ्याला पहिला बैल आबांचा, होळीला पहिली गोवरी आबांची, जत्रेत पहिला नारळ आबांचा. जे मोठं, जे पुढचं, ते आबांचं. मी आराखडा वाचत होते आणि आबा डोळे मिटून ऐकत होते. 'विनाशिका' हा शब्द आला तसे त्यांनी डोळे उघडले.

"ही कोनती काहील?"

"राहीबाईची, आबा. सगळ्यात मोठी."

"त्यात आमी," आबा म्हणाले आणि त्यांनी परत डोळे मिटले.

विनाशिका कोणाची आणि तिचं पुढे काय होतं, हे सांगण्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुमंत गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी देवाकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात गोरक्षनेच आरोळी ठोकली, "बोला भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" बैठक संपली. मानाची जागा एकदा ठरली की आमच्याकडे ब्रह्मदेवसुद्धा ती बदलत नाही. बरं, तालमी तरी कराव्यात. तर आबा तालमींना येणार नाहीत, कारण पाटील तालीम करत नसतो. गोरक्ष मला म्हणायचा, "ऐन टायमाला सांगू. पान्यात बसल्यावर कुटं जात्यात?"

सव्वीस जानेवारीला अख्खी पंचक्रोशी लोटली. निवडणुका तोंडावर आलेल्या, त्यामुळे पंचायत समितीचे सभापती न बोलावता आले होते. त्यांना मांडवात खुर्ची दिली. गुरुजी कर्ण्यापुढे हातात कागद धरून बसले. त्यांनी लढाईचं वर्णन आठवडाभर घोटून लिहिलं होतं आणि त्यातली वेलांटीसुद्धा ते हलवणार नव्हते. राहीबाई काठावर दोर मनगटाला गुंडाळून उभी राहिली.

आबा आले. भरजरी फेटा, पांढरंशुभ्र धोतर, कोल्हापुरी वहाणा. काहील काठाला लावली होती. त्यांनी वहाणा काढल्या, नारळ फोडला आणि आत जाऊन बसले. दोघांनी ढकलून त्यांना डोहाच्या मध्यावर नेलं आणि पोहत परत आले. मग गोरक्ष आपली काहील घेऊन त्यांच्याजवळ गेला आणि त्याने हात लांब करून शत्रूचा झेंडा पुढे केला.

आबांनी झेंड्याकडे पाहिलं. "हे काय रं?"

"तुमचा झेंडा, आबा. तुमी पाकिस्तान."

काठावरून आम्हाला ते शब्द ऐकू आले नाहीत, ते गोरक्षने नंतर सांगितले, पण आबांचा चेहरा दिसला. पुढचं बोलणं मात्र मांडवापर्यंत स्पष्ट आलं. "आन् हे कवा ठरलं?"

"देवळात ठरलं की! आता आमी बान मारनार, मग तुमी उडी मारायची. बुडायचं."

"पाटील बुडत नसतो!" आबा गरजले, आणि त्यांनी तो झेंडा गुंडाळून बुडाखाली घेतला.

इकडे कराचीचं वेगळंच चाललं होतं. पलीकडच्या काठावर पाचटाला राखण म्हणून बसवलेल्या गड्याने थंडी वाजते म्हणून बिडी पेटवली. हल्ला सुरू व्हायच्या आधीच कराची पेटली. हल्ला अचानक होता हे खरं, पण तो इतका अचानक झाला की हल्ला करणाऱ्यांनाही पत्ता लागला नाही. डांबराची पिंपं तापून धडाधड वाजायला लागली. राखणदार कराची सोडून पळाला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि सभापती म्हणाले, "वा! अगदी खऱ्यासारखं."

गुरुजी मात्र कागदाच्या पहिल्याच ओळीवर होते. "रात्रीची नीरव शांतता आहे. कराची बंदर गाढ झोपेत आहे..."

गोरक्षच्या बोटी निघाल्या. आता काहिलीचा एक गुण मी विसरले होते. ती सरळ जात नाही, गरगरते. वल्हं मारलं की काहील स्वतःभोवती फिरायची, आणि तिच्यावर रोखलेला बाणही फिरायचा. पहिला बाण वाकडातिकडा जाऊन मांडवाच्या कनातीत शिरला. दुसरा आपल्याच बोटीतल्या गड्याच्या मुंडाशावरून गेला. तिसरा पेटलाच नाही. चौथा मात्र नेमका आबांच्या सांगाड्याला लागला आणि गोणपाट धुमसायला लागलं.

"आणि पाहा!" कर्ण्यातून गुरुजी ओरडले. "शत्रूची विनाशिका जलसमाधी घेत आहे!"

विनाशिका उभी राहिली. म्हणजे आबा उभे राहिले. त्यांनी धुमसता सांगाडा लाथेने पाण्यात पाडला, त्यातला एक लांब बांबू उपसून घेतला आणि जवळ आलेल्या पहिल्या बोटीला असा ढोसला की ती दुसरीवर जाऊन आदळली. दोन्ही उलटल्या. आपलं निम्मं आरमार पाण्यात बोंब मारत होतं.

"शत्रूचे खलाशी जीव मुठीत धरून पळत आहेत," गुरुजींनी वाचलं.

मी धावत जाऊन म्हटलं, "गुरुजी, थांबा! कागद सोडा! आपण हरतोय!" त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पान उलटलं. काठावर लोक हसून लोळत होते. काहींनी तर "आबा, मारा!" म्हणून ओरडायला सुरुवात केली होती. सभापतींना हसावं की निषेध करावा ते कळेना. प्रजासत्ताक दिनी, त्यांच्यासमोर, पाकिस्तानने भारताच्या दोन बोटी बुडवल्या होत्या.

गोरक्षची मात्र इभ्रत गेली. त्याने उडी टाकली, पाण्यातली पोरं गोळा केली आणि ओरडला, "धरा रं काठ! उलटी करा! बगू कसं बुडत न्हाई!" सगळ्यांनी राहीबाईच्या काहिलीचा एकाच बाजूचा काठ पकडला. काहील कलली. पाणी काठाला लागलं. आबा मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दुसरा काठ धरला.

त्या जागी डोहाला तळ नाही असं म्हणतात. तळ असणारच, पण त्यावर पुरुषभर गाळ आहे, आणि त्या गाळात गेलेलं लोखंड उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाही. मी राहीबाईकडे पाहिलं, तर ती जागेवर नव्हती. ती पाण्यात शिरली होती. लुगड्याचा काचा मारून, दोर खांद्यावर घेऊन, ती मागे पाय रोवत काहील ओढत होती. मी शब्द दिला होता. मीही चपलांसकट पाण्यात गेले आणि दोर धरला. पाणी असलं गार होतं की माझ्या तोंडून नगरला शिकत असताना कधी न उच्चारलेला शब्द गेला.

काहील पोरांसकट ओढली गेली आणि आमच्या कमरेएवढ्या पाण्यात आली. राहीबाईने दोर सोडला आणि गोरक्षच्या दंडावर सरळ एक चापट मारली.

"सोड! सोड म्हनते ना!"

"पन काकू, ह्ये पाकिस्तान हाय!"

"पाकिस्तान आसंल न्हाई तर आनिक कोन आसंल! माजं पोर पान्यावर हाय, मुडद्या! कुनाचं बी जहाज आसू दे, माज्या काहिलीत बसलेलं मानूस बुडायचं न्हाई!"

पोरांनी हात सोडले. राहीबाई काहिलीच्या काठाला टेकली, पदर सावरला आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, उतरा आता. पानी कमरंएवडंच हाय. माजा ऊस आंबतूय."

आबा हलेनात. फेटा एका कानावर आला होता. त्यांनी आधी मला पाहिलं, मग तिला. आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे आवाज खाली केला नव्हता तो कुजबुजला, "राहीबाई, मला पवता येत न्हाई. लहानपनी ह्याच डोहात भाऊ गेला माजा. तवापासनं मी पान्यात पाय घातलेला न्हाई." ते थांबले. "गावाला म्हाईत न्हाई."

आता आबा नाहीत म्हणून हे सांगते. नदीकाठचा पाटील आणि पोहता येत नाही! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. या माणसाला आम्ही मानाने उचलून त्याच्या सगळ्यात मोठ्या भीतीच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं, आणि तो नारळ फोडून गेला होता, कारण मान सोडता येत नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच माया वाटली.

राहीबाईला विचार करायला वेळ लागला नाही. ती काठाकडे वळली आणि तिने गुऱ्हाळावरचा आवाज काढला. "ऐका वो! जहाज बुडवायचं नसतंय! बुडवून काय मिळतंय? जहाज जप्त करायचं आसतंय!"

हा शब्द गावाला नेमका पोचला. जप्ती म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "जप्त! जप्त!" अशी आरोळी उठली. ज्यांनी आबांना चढवलं होतं तेच दोराला भिडले. सभापतींनाही एकदम हुरूप आला, कोट काढून त्यांनी दोराचं टोक धरलं. विनाशिका काठाला आली ती आबांसकट, आणि आबांना खाली उतरू द्यायला कुणी तयार होईना. जप्त केलेल्या जहाजाचा कप्तान पायी कसा जाईल? काहिलीच्या कड्यांतून वासे घातले, खांदे लावले आणि मिरवणूक निघाली. ताशा पुढे, आबा मध्ये, मागे गुरुजी. गुरुजींचं एक पान अजून राहिलं होतं, ते त्यांनी वाटेत वाचलं.

आबांनी फेटा नीट केला होता. मिशीला पीळही भरला होता. राहीबाई काहिलीच्या बाजूने चालत होती आणि आबांचा एक हात, कुणाला दिसणार नाही असा, अजून काठ घट्ट धरून होता.

मिरवणूक गुऱ्हाळापाशी आली तेव्हा बेलापूरच्या रस्त्याने एक माणूस येत होता. खांद्यावर ट्रंक, अंगात आरमाराचा पांढरा पोशाख, चेहरा उन्हाने काळा पडलेला. राहीबाई जागीच थांबली. ताशावाल्याचे हात थांबले.

"आये," कानिफ म्हणाला, "ह्ये काय चाललंय?"

मग ती पुढे झाली. नुसता त्याचा दंड चाचपत राहिली. मग सगळं गाव एकदम बोलायला लागलं. कराची कशी पेटली, बाण कसे सुटले, बोटी कशा उलटल्या, जहाज कसं जप्त झालं. कानिफ आधी ऐकत होता. मग त्याने काहिलीत बसलेले आबा पाहिले आणि त्याला हसू फुटलं. तो रस्त्यात ट्रंकेवर बसून, पोट धरून हसला. आबासुद्धा हसले.

गोरक्ष पुढे झाला. "खरं सांग कानिफ, तिकडं बी आसंच झालं का? जहाजं बुडाली तवा कसं दिसलं?"

कानिफचं हसू हळूहळू गेलं. त्याने ओल्या काहिलीकडे पाहिलं, धुमसलेल्या गोणपाटाचा एक तुकडा तिला चिकटला होता तिकडे पाहिलं. गोरक्षला सोडून त्याने आईला विचारलं, "आन् आतली मानसं? काडली का भाईर?"

इतका वेळ हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. माझ्या निर्दोष आराखड्यातही तो नव्हता.

"काडली रं," राहीबाई म्हणाली. "येकच मानूस हुतं. पाय बी वल्ला होऊ दिला न्हाई त्याचा."

कानिफने मान हलवली. मग त्याने ट्रंक बाजूला ठेवली, बाह्या वर सारल्या आणि आबांना हात देऊन खाली उतरवलं. काहील चुलवणावर चढवायला आम्ही सगळे लागलो.